जुन्या बोटीत नवी मोटर बसवताना

इंग्लंडमध्ये १९५०-६० च्या काळात प्लायवुडच्या मॉडेल बोटी बांधण्याचा छंद घरोघरी पोचला होता. शेफील्डच्या एअरोकिट्स कंपनीची ‘क्रॅश टेंडर’ त्यात फार लोकप्रिय. समुद्रात कोसळलेल्या विमानातल्या माणसांना वाचवायला धावणाऱ्या रॉयल एअर फोर्सच्या नौकेची ती प्रतिकृती. अशा बोटी आजही माळ्यावरून खाली निघतात आणि कुणीतरी हौशी माणूस त्या पुन्हा पाण्यात सोडायच्या मागे लागतो. लाकूड बहुधा शाबूत असतं. प्रश्न येतो तो मोटरचा.

त्या काळची टेकॉल मोटर मोठी गमतीची. तिच्यात कायमचे चुंबक नसत. तारेच्या वेटोळ्यातून वीज खेळवून चुंबकक्षेत्र तयार केलं जाई. त्यामुळे बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या तरी हे क्षेत्र आणि आर्मेचरचं, म्हणजे आत फिरणाऱ्या वेटोळ्याचं क्षेत्र, दोन्ही एकदम उलटतात आणि मोटर त्याच दिशेनं फिरत राहते. आजच्या रिमोटवर बोट मागे घ्यायची तर वेगळी खटपट करावी लागते. म्हणून बरेच जण टेकॉल जपून ठेवतात आणि बोटीत कायम चुंबकाची ‘५४०’ मोटर घालतात: ३६ मिलिमीटर व्यासाची, ३.१७ मिलिमीटर शाफ्टची. खरं काम इथून पुढे आहे.

बोट ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट, म्हणजे दांडा, पितळी नळीत असतो आणि ती नळी तळात कायमची चिकटवलेली असते. ती हलत नाही, म्हणून मोटरनंच तिच्या रेषेत यायचं. दोन रेषा दोन तऱ्हांनी चुकतात: कधी त्यांच्यात कोन पडतो, कधी समांतर राहूनही एक रेषा दुसरीच्या वर किंवा बाजूला सरकते. पुष्कळ जण म्हणतात, मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा वाकता सांधा, आहे ना, तो सांभाळून घेईल. एकटा जॉइंट फक्त कोन सांभाळतो, सरकलेली रेषा नाही. आणि कोन सांभाळायचीही किंमत मोजावी लागते.

ही किंमत सतराव्या शतकातच इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकच्या लक्षात आली होती. कोनात फिरणाऱ्या एकेरी जॉइंटच्या दोन्ही बाजू सारख्या वेगानं फिरत नाहीत. मोटर अगदी एकसारखी फिरत असली तरी पलीकडचा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार जेमतेम दीड टक्का. २० अंशांना तो सहा टक्क्यांच्या आसपास जातो. मोटर मिनिटाला ८,००० फेऱ्या घेत असेल तर शाफ्टला सेकंदाला सुमारे २६७ हिसके बसतात. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक साधारण २६२ कंपनांची, म्हणजे बोट जवळपास त्याच स्वरात गुणगुणू लागते. प्लायचा पोकळ सांगाडा तो आवाज आणखी वाढवतो. दुहेरी जॉइंट लावला, दोन्हीकडचे कोन सारखे ठेवले आणि मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे दुबेळके काटे एका पातळीत ठेवले, तर एकानं घातलेला हिसका दुसरा काढून घेतो.

तरीही माझं मत ठाम आहे: आधी रेषा जुळवावी, जॉइंटला उरलंसुरलं सांभाळू द्यावं. त्यासाठी लेथवर पितळेचा एक तुकडा करून घ्यावा. लांबी कपलिंगइतकीच (कपलिंग म्हणजे मोटर आणि शाफ्ट यांच्यामधला तो जॉइंट), एका टोकाला मोटरच्या शाफ्टचं भोक, दुसऱ्या टोकाला पंख्याच्या शाफ्टचं, दोन्ही एकाच मध्यावर. कपलिंगच्या जागी हा तुकडा घट्ट बसवला की मोटर आपोआप शाफ्टच्या रेषेत तरंगती राहते. आता मोटरचा माउंट, म्हणजे तिला धरणारी बैठक, खाली दाबून तळाला टेकवायचा नाही. माउंट आणि तळ यांच्यात जी फट दिसते ती प्लायच्या चकत्या आणि दाट एपॉक्सीनं भरायची. एपॉक्सी पुरतं वाळल्यावर पितळ काढून कपलिंग लावायचं.

काम जमलं की नाही हे अॅमीटर सांगतो. मोटर मोकळी असताना किती प्रवाह घेते ते आधी लिहून ठेवावं, मग शाफ्ट जोडून पुन्हा बघावं. शाफ्टला आधार देणाऱ्या नळीतल्या बुशांच्या घर्षणामुळे आकडा थोडा वाढणारच. बराच वाढला तर रेषा चुकली आहे. मग माउंटचा एकेक स्क्रू सैल करून पाहावा. एखादा सैल होताच आकडा खाली आला, तर माउंटचा तो पाय मोटरला वाकडं ओढत होता. त्याच पायाखाली कागदाइतकी पातळ पॅकिंग घालावी. मोठ्या यंत्रांवर काम करणारे फिटरही असा अधांतरी राहिलेला पाय असाच शोधतात.

दोन पंख्यांची बोट असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, पण शर्यतीच्या काही मोटरींचे ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) एकाच दिशेला जोर मिळावा म्हणून थोडे फिरवून बसवलेले असतात. उलट फिरवली की अशी मोटर जास्त प्रवाह ओढते, ब्रशपाशी ठिणग्या टाकते, आणि बोट एका बाजूला वळत राहते. अशा बोटीसाठी दोन्ही दिशांना सारख्या चालणाऱ्या, न्यूट्रल टायमिंगच्या मोटरीच घ्याव्यात.