ब्लाटन: गाव गाडलं गेलं, ग्रामपंचायत उरली

स्वित्झर्लंडच्या पासपोर्टवर जन्मस्थळ छापत नाहीत. त्या जागी 'हायमाटओर्ट' येतं, म्हणजे मूळ गाव. तुमचा जन्म झुरिचच्या इस्पितळात झालेला असो, की ब्वेनोस आयरिसच्या. आजोबा-पणजोबा ज्या गावच्या दप्तरात नोंदलेले होते, ते गाव तुमच्या नावाला चिकटून पुढे येतं. आजही अनेक स्विस नागरिकांच्या पासपोर्टवर तिथे 'ब्लाटन' असं लिहिलेलं आहे, आणि त्यांतल्या कित्येकांनी ते गाव कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. आता पाहायला ते गाव उरलेलंही नाही.

28 मे 2025, बुधवार, दुपारी साडेतीनच्या सुमारास गावामागची बिर्श हिमनदी अख्खीच्या अख्खी कोसळली. बर्फ आणि दगड मिळून सुमारे 90 लाख घनमीटर माल खाली आला. एका डंपरमध्ये दहा घनमीटर धरले, तर नऊ लाख फेऱ्या. जमिनीला बसलेला हादरा भूकंपमापकांवर 3.1 तीव्रतेचा नोंदला गेला. गावाचा सुमारे नव्वद टक्के भाग ढिगाऱ्याखाली गेला, चर्चसकट. ढिगाऱ्याने लोन्झा नदी अडली, मागे तळं साठत गेलं आणि वाचलेल्या घरांपैकी बरीचशी पुढच्या एक-दोन दिवसांत पाण्याने गिळली. गाव मात्र रिकामं होतं. नऊ दिवस आधी, 19 मे रोजी, सुमारे 300 माणसं आणि जनावरं हलवली होती. एका जखमी गायीला तर हेलिकॉप्टरला लटकवून नेलं होतं. ते फोटो तेव्हा जगभर फिरले, काहींनी हसूनही घेतलं. बळी गेला तो एका माणसाचा, आणि तो होता रिकाम्या केलेल्या हद्दीच्या बाहेर.

ही बातमी आपल्यापर्यंत 'हवामानबदलाने गिळलेलं गाव' अशा एका ओळीत आली. ओळ खोटी नाही, पण तिच्यामागे सहाशे वर्षांची गोष्ट आहे, ती त्यात मावत नाही.

ब्लाटन वालिस प्रांतात आहे, लोचेंटाल नावाच्या खोऱ्यात. र्‍होन नदीच्या काठावरच्या गाम्पल-श्टेगहून उत्तरेला एक अरुंद घळ वर चढते, गोपनश्टाइनजवळ खोरं उजवीकडे वळतं आणि मग उघडतं. फेर्डन, किपल, वीलर आणि सर्वांत वर ब्लाटन, अशी चार गावं एकामागून एक. ब्लाटनची उंची 1,540 मीटर. त्याच्यापुढे एस्टन, व्हाइसनरीडसारख्या वाड्या, मग फाफ्लरआल्पची कुरणं, मग लांग हिमनदी. लोन्झा तिथूनच निघते. खोऱ्याच्या टोकाला लोचेनल्युके ही खिंड आहे. ती ओलांडली की 'आलेच' नावाच्या हिमनदीचा अफाट पसारा लागतो. दक्षिणेच्या बाजूला 3,934 मीटरचा बीचहोर्न उभा आहे. उत्तर किनाऱ्यावर गाव बसायचं कारण उघड आहे: ऊन तिकडे जास्त वेळ टिकतं. नावाचाच अर्थ खडकाचा सपाट कट्टा. 1433च्या एका कागदात 'उफेन देर ब्लाटुन' असा त्याचा पहिला उल्लेख सापडतो, म्हणजे 'कट्ट्यावरचं'.

पंचायतीची हद्द सुमारे 90 चौरस किलोमीटर, माणसं तीनशे. बहुतेक हद्द खडक, बर्फ आणि कडे. स्विस 'गेमाइंडे'ला मराठीत आपण सहसा नगरपालिका म्हणतो, पण तीनशे माणसांच्या संस्थेला तो शब्द गळ्यात अडकतो. ग्रामपंचायत म्हणावं तर तीही थोडी कमी पडते, कारण आपल्या ग्रामपंचायतीच्या मानाने हिच्याकडे अधिकार फार. गेमाइंडे स्वतःचा कर लावते, गावसभेत हात वर करून अंदाजपत्रक मंजूर होतं. आणि वालिसमध्ये तिच्या जोडीला आणखी एक संस्था असते, 'ब्युर्गरगेमाइंडे', म्हणजे मूळ गावकऱ्यांची पंचायत. वरची कुरणं, जंगल, पाणी हे बरंचसं तिच्या नावावर. पासपोर्टवरचं हायमाटओर्ट याच जुन्या नात्याचा अवशेष आहे: या गावच्या कुरणात तुमच्या घराण्याचा हक्क आहे, आणि तुम्ही कंगाल झालात तर पोसायची जबाबदारीही याच गावाची. ती जबाबदारी कधीच सरकारकडे गेली, नाव राहिलं.

हक्क आणि जबाबदारी असं जोडीने येण्याला इतिहास आहे. मध्ययुगात खोरं फोन टुर्न या सरदार घराण्याच्या ताब्यात होतं. 1375 मध्ये आंटोन फोन टुर्नच्या माणसांनी सिऑनच्या म्हाताऱ्या बिशपला किल्ल्याच्या उंचावरून खाली फेकून मारलं. त्यावरून वालिस पेटलं आणि फोन टुर्न परागंदा झाले. पण लोचेंटाल स्वतंत्र झालं नाही. वरच्या र्‍होन खोऱ्यातल्या पाच जिल्ह्यांनी मिळून ते वाटून घेतलं आणि अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रजा म्हणूनच ठेवलं. मालक बदलले, इतकंच. ज्यांना राजकारणात आवाज नव्हता त्यांनी कुरणाचे नियम मात्र स्वतः केले. कोणाची किती गुरं वर जाणार, पाट कोण दुरुस्त करणार, हे ठरवायला बाहेरचं कोणी येत नव्हतं.

पैसा मात्र बाहेरूनच यायचा. खोऱ्यातले तरुण पिढ्यानपिढ्या फ्रान्स, नेपल्स अशा परक्या राजांच्या सैन्यात भाडोत्री शिपाई म्हणून जात. त्याची खूण अजून टिकून आहे. कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाच्या मिरवणुकीत इथले पुरुष लाल कोट, पांढरी विजार आणि अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या घालून संचलन करतात. त्यांना 'हेरगॉट्सग्रेनेडियर' म्हणतात, देवाचे ग्रेनेडियर. राजे गेले, गणवेश देवाच्या कामी आला.

दुसरी खूण जास्त रांगडी आहे. 3 फेब्रुवारीपासून लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, आदल्या दिवसापर्यंत संध्याकाळी 'चेगेटे' बाहेर पडतात. अंगावर बकऱ्या-मेंढ्यांची उलटी केसाळ कातडी, कमरेला गायीची घंटा, तोंडावर पाइनच्या लाकडात कोरलेला वाकड्या तोंडाचा, गायीचे दात लावलेला मुखवटा. पूर्वी हातमोजे काजळीत बुडवलेले असत आणि सापडेल त्याच्या, विशेषतः सापडेल तिच्या, तोंडाला फासले जात. परवानगी फक्त अविवाहित पोरांना होती. चर्चने यावर पुन्हा पुन्हा बंदी घातली, ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. ही प्रथा 'मूर्तिपूजक काळापासूनची' असल्याचं पर्यटन-पत्रकं छातीठोकपणे सांगतात. त्याला धड पुरावा नाही. खोऱ्यातली दंतकथा वेगळी आहे: सावलीच्या बाजूला राहणारे 'शुर्टेनडीबे' नावाचे चोर असे मुखवटे घालून उन्हाच्या बाजूच्या घरांवर धाडी घालत. खोरं दोन भागांत वाटणारा खरा फरक कोणता होता, हे त्या दंतकथेत बरोबर पकडलं आहे.

जुनं ब्लाटन दिसायला काळं होतं. लार्च या सूचिपर्णी झाडाचं लाकूड शतकभर उन्हात राहिलं की जवळपास कोळशासारखं होतं. धान्याची कोठारं चार पायांवर उभी, आणि प्रत्येक पायावर गोल सपाट दगडी तबकडी. उंदीर पाय चढून वर आला की तबकडीच्या खालच्या अंगाला उलटं लटकून पुढे जाता येत नाही. आत राय नावाचं धान्य. भाकरीसारखा हा रायचा पाव वर्षातून मोजक्याच वेळा भाजला जायचा आणि मग महिनोन्‌महिने पुरवायचा, म्हणजे तो किती कडक होत असेल बघा. 1931 मध्ये अमेरिकन दंतवैद्य वेस्टन प्राइस इथे आला. राय, दूध आणि चीजवर वाढलेल्या पोरांचे दात त्याला जवळजवळ न किडलेले आढळले. आजच्या आहारपंथांत त्याचं नाव अजून आदराने घेतलं जातं. साखर खोऱ्यात पोचली नव्हती, हे त्यामागचं साधं कारण.

साखर पोचली नव्हती, पण आगगाडी जवळून जात होती. बर्नहून इटलीकडे जाणारा लोचबर्ग रेल्वेचा 14.6 किलोमीटरचा बोगदा 1906 ते 1913 या काळात बांधला गेला आणि त्याचं दक्षिण तोंड गोपनश्टाइनला, खोऱ्याच्या उंबरठ्यावर आहे. 1908 हे त्या कामाचं काळं वर्ष. 29 फेब्रुवारीला गोपनश्टाइनच्या वस्तीवर हिमस्खलन आलं, 12 जण गेले. 24 जुलैला उत्तरेकडून खोदणाऱ्यांनी सुरुंग उडवला आणि समोरचा खडक संपला. वर गास्टर्न खोऱ्यातली हिमनदीने आणून टाकलेली ओली वाळू-खडी होती. ती बोगद्यात घुसली आणि 25 मजूर गाडले गेले. बोगदा तिथून सोडून वळवून नेला. म्हणून आजही तो सरळ नाही. तज्ज्ञांना त्या खोऱ्याखाली भक्कम खडक आहे असं वाटलं होतं. आल्प्सच्या पोटात नेमकं काय आहे ते बाहेरून ओळखता येत नाही, हा धडा ब्लाटनच्या शेजारीच शिकला गेला. 2007 मध्ये कितीतरी खालून 34.6 किलोमीटरचा नवा बोगदा झाला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे गेल्या.

लोन्झा नदीचं नाव तुम्ही कदाचित वेगळ्याच संदर्भात वाचलं असेल. 1897 मध्ये गाम्पलला, नदी खोऱ्यातून बाहेर पडते तिथे, तिच्या पाण्यावर वीज करून कार्बाइड बनवणारी कंपनी निघाली आणि तिने नदीचंच नाव घेतलं. हीच ती लोन्झा. कोविडच्या काळात मॉडर्ना लशीचा मुख्य घटक तिच्या वालिसमधल्याच फिस्पच्या कारखान्यात बनत होता. ज्या नदीचं नाव लाखो लोकांच्या दंडापर्यंत पोचलं, तीच 2025 मध्ये ब्लाटनवर तुंबली.

बाहेरच्यांना हे खोरं दाखवलं गिर्यारोहकांनी. 13 ऑगस्ट 1859 रोजी लेस्ली स्टीफन पहिल्यांदा बीचहोर्नवर चढला. व्हर्जिनिया वुल्फचा बाप ही त्याची नेहमीची ओळख. आपल्यासाठी दुसरी जास्त जवळची: त्याचा भाऊ जेम्स फिट्झजेम्स स्टीफन म्हणजे 1872च्या भारतीय पुरावा कायद्याचा मसुदाकार. त्या कायद्यावर आपली न्यायालयं 2024 पर्यंत चालली. स्टीफनच्या पाठोपाठ हॉटेलं आली, विसाव्या शतकात मोटारींचा रस्ता आला, आणि शेतकऱ्यांची पोरं पर्यटनात किंवा खाली फिस्पच्या कारखान्यात जाऊ लागली.

आता त्या डोंगराकडे. गावाच्या उत्तरेला नव्हे, दक्षिणेच्या उतारावर, बीचहोर्नच्या शेजारी क्लायनेस नेस्टहोर्न हा 3,341 मीटरचा सुळका आणि त्याच्या पायथ्याशी बिर्श हिमनदी. आल्प्समधल्या बाकी हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे सरकत होती, आणि हेच विचित्र होतं. सुळक्यावरून वर्षानुवर्षं दगड तिच्यावर पडत होते. दगडांच्या थराने खालचा बर्फ उन्हापासून झाकला आणि वजनाने तिला पुढे रेटलं. तिच्यावरून बर्फ कोसळण्याचा धोका नवा नव्हता; 1990च्या दशकापासून तिच्यावर नजर होती. पण लक्ष होतं बर्फाकडे. मे 2025 च्या मध्यावर सुळकाच तुटायला लागला, लाखो टन दगड हिमनदीवर येऊन बसले, आणि शेवटी शेवटी ती दिवसाला दहा मीटर सरकू लागली. रडार आणि कॅमेऱ्यांनी ते टिपलं, म्हणून माणसं वाचली.

उंच कड्यांच्या भेगांत वर्षभर गोठलेलं पाणी खडकाला सिमेंटसारखं धरून ठेवतं, ते आता वितळतंय. स्विस हिमनद्यांनी 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत मिळून आपला दहा टक्के बर्फ गमावला. तरी शास्त्रज्ञ या एका घटनेचं सगळं खापर तापमानवाढीवर फोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. भेगाळलेला सुळका तापमानवाढीशिवायही कधीतरी खाली आलाच असता. 2025 मध्ये का आला, एवढाच तो प्रश्न.

कोसळल्यानंतर काही दिवसांतच खाली शहरांत दुसराच वाद सुरू झाला: तीनशे माणसांसाठी गाव पुन्हा का बांधायचं? विम्याचं नुकसानच सुमारे 32 कोटी फ्रँकचं. हा सूर जुना आहे. 2005 मध्ये बाझलच्या नामवंत वास्तुरचनाकारांनी देशाचा नकाशा रंगवताना अशा ओस पडत चाललेल्या खोऱ्यांना 'आल्पाइन पडीक' असं नाव दिलं होतं आणि डोंगरातले लोक ते अजून विसरलेले नाहीत. मला हा हिशोब अपुरा वाटतो. रस्ते, धरणं, बोगदे, वीज यांसाठी शहरांनी शंभर वर्षं हीच खोरी वापरली, तेव्हा ती पडीक नव्हती.

पंचायतीने मात्र वादाची वाट पाहिली नाही. सरपंच माटियास बेलवाल्ड यांनी पहिल्याच दिवसांत पुन्हा बांधायचं जाहीर केलं. 2029-30 पर्यंत लोकांना परत आणायचं, असं ठरलं आहे. एस्टन आणि व्हाइसनरीड या वरच्या वाड्या उभ्या आहेत. कुरणांवरचे हक्क, गावसभा, सगळं कागदावर जसंच्या तसं. अडचण जमिनीची आहे. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक गावाचा धोक्याचा नकाशा असतो, लाल, निळा आणि पिवळा. निळ्यात अटींवर बांधता येतं, लाल रंगात नवं घर बांधता येत नाही. क्लायनेस नेस्टहोर्नवरचे सगळे दगड अजून खाली आलेले नाहीत, आणि ढिगाऱ्याच्या पोटातला बर्फ वितळेल तसा तो खचत राहणार. त्यामुळे नव्या ब्लाटनचा आराखडा काढण्याआधी त्या नकाशात कुठपर्यंत लाल रंग भरायचा, हे ठरवावं लागतं.