व्यवस्थापनाची कार्ये

व्यवस्थापनाची कार्ये : उद्योगाची उद्दिष्टे ठरवून माणसे, पैसा, यंत्रे व कच्चा माल यांच्या आधारे ती साध्य करण्यासाठी व्यवस्थापकाला सतत करावी लागणारी कामे. नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय आणि नियंत्रण ही त्यांपैकी प्रमुख मानली जातात.

या विषयाची पहिली पद्धतशीर मांडणी फ्रेंच खाण अभियंता हेन्री फेयॉल (१८४१–१९२५) याने केली. १८८८ मध्ये डबघाईला आलेल्या एका कोळसा व पोलाद कंपनीची सूत्रे त्याच्याकडे आली आणि १९१८ मध्ये त्याने ती सोडली, तेव्हा कंपनी भक्कम पायावर उभी होती. हे यश आपल्या तांत्रिक ज्ञानाचे नसून प्रशासनाच्या पद्धतीचे आहे आणि ही पद्धत शिकवता येते, असे प्रतिपादन त्याने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात केले. पूर्वविचारासह नियोजन, संघटन, आदेश, समन्वय व नियंत्रण अशी पाच कार्ये त्याने सांगितली. पुढे अमेरिकेत ल्यूथर गुलिक याने १९३७ मध्ये कर्मचारी नेमणूक, अहवाल व अंदाजपत्रक यांना यादीत स्वतंत्र स्थान दिले. याद्यांमधील हा फरक मुख्यतः वर्गीकरणाचा आहे.

कार्ये एकापाठोपाठ एक येतात, असा समज पाठ्यपुस्तकांतील क्रमामुळे होतो. प्रत्यक्षात ती एकमेकांत गुंतलेली असतात. ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ या संस्थेच्या कामकाजात हे स्पष्ट दिसते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन ती सुरू केली. शाखेत मळलेले पीठ सभासद भगिनी घरी नेतात, पापड लाटून वाळवतात आणि शाखेत आणून देतात. तेथे त्यांचे वजन व तपासणी होऊन लाटणावळ मिळते. पीठ एकाच ठिकाणी मळल्याने चव सारखी राहते, तर लाटण्याचे काम घरोघरी विखुरल्याने मोठ्या कारखान्याची गरज पडत नाही. येथे संघटनाचा निर्णयच नियंत्रणाची निम्मी सोय करून ठेवतो. उरलेली निम्मी सभासदत्वाच्या वेळीच होते : घरात पापड वाळवण्यापुरती स्वच्छ जागा आहे की नाही, हे आधी पाहिले जाते. म्हणजे वरकरणी कर्मचारी निवडीची वाटणारी ही पायरी खरे तर गुणवत्तेचीही असते. सर्व भगिनी सहमालक असल्याने निर्देशनात हुकमाचा भाग कमी राहतो. शाखेचा कारभार संचालिका पाहते आणि तीही भगिनींमधूनच आलेली असते.

नियंत्रणाचा अर्थ देखरेख एवढाच घेतला जातो, तो अपुरा आहे. प्रमाण ठरवणे, प्रत्यक्ष काम मोजणे, तफावतीचे कारण शोधणे आणि दुरुस्ती करणे असे त्याचे टप्पे आहेत. यांतील तिसरा टप्पा वगळून थेट माणसाला जबाबदार धरण्याची सवय अनेक कार्यालयांत आढळते. मग तीच चूक पुढच्या महिन्यात पुन्हा होते. पापड तुटके येण्यामागे लाटणारीचा हात असेल किंवा पिठातील पाण्याचे प्रमाण, आणि दोन्हींवरील उपाय वेगळे आहेत.

कॅनडातील अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग याने १९७३ मध्ये व्यवस्थापकांच्या प्रत्यक्ष दिनक्रमाच्या निरीक्षणावरून या चौकटीवर आक्षेप घेतला. व्यवस्थापकाचा दिवस शांतपणे आखणी करण्यात जात नाही, तर छोट्या, तुटक आणि वारंवार खंडित होणाऱ्या कामांत जातो, असे त्याला आढळले. मात्र या निरीक्षणाने फेयॉलची कार्ये बाद होत नाहीत. पुरवठादाराशी झालेल्या पाच मिनिटांच्या फोनमध्येही नियोजन, समन्वय आणि नियंत्रण ही तिन्ही कार्ये एकत्र घडू शकतात.