इथेनॉल इंजिनाचा थंड प्रारंभ

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे गार इंजिन सुरू करणे म्हणजे थंड प्रारंभ. इथेनॉलच्या गाडीतून निघणाऱ्या न जळलेल्या इंधनाचा आणि ॲसिटाल्डिहाइडचा (इथेनॉल अर्धवट जळल्यावर बनणाऱ्या प्रदूषकाचा) मोठा वाटा पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडतो.

इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिट चोळले की गार वाटते. वाफ होताना अल्कोहोल आजूबाजूची उष्णता ओढून घेते, आणि इंजिनातही तेच घडते. एक किलो इथेनॉलची वाफ व्हायला सुमारे ९०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे पेट्रोलच्या साधारण अडीचपट. पेट्रोलमध्ये थंडीतही उडून जाणारे हलके घटक असतात. इथेनॉल हे एकच द्रव्य, ७८° से.ला उकळणारे, साधारण १३° से.च्या खाली त्यावर पेट घेण्याजोगी वाफच साठत नाही. मग इंजिन सुरू व्हावे म्हणून गरजेपेक्षा कितीतरी जास्त इंधन फवारले जाते. त्यातले बरेचसे सिलिंडरच्या भिंतीवर ओलेच राहते आणि तसेच धुराड्यातून निघून जाते. त्याला अडवणारा उत्प्रेरकी परिवर्तक, म्हणजे धुरातली घातक द्रव्ये निरुपद्रवी करणारा धुराड्यातला भाग, साधारण २५०° ते ३००° से. तापेपर्यंत जवळजवळ निष्क्रिय असतो.

ब्राझीलने हा प्रश्न सर्वांत जास्त काळ हाताळला. तिथे १९७९ मध्ये इथेनॉलवरची फियाट १४७ आली. अशा गाड्यांत थंडीत इंजिन सुरू करण्यापुरती पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असे. २००३ च्या फोक्सवागन गोल टोटल फ्लेक्स या पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या ('फ्लेक्स') गाडीतही ती होती. २००९ च्या पोलो ई-फ्लेक्सने ती काढून टाकली आणि इंजेक्टरकडे जाणारे इथेनॉलच विजेने तापवले. हा उपाय अधिक मुळाशी जाणारा आहे: इंधन गरम असल्याने त्याची वाफ नीट होते, जादा फवारणी कमी लागते, साहजिकच धूरही कमी.

परिवर्तक लवकर तापावा म्हणून तो इंजिनाला अगदी लागून बसवतात, ठिणगी उशिरा पाडून धूर अधिक गरम ठेवतात किंवा परिवर्तकालाच विजेने उष्णता देतात. ठिणगीचा उपाय इथेनॉलच्या बाबतीत जपून वापरावा लागतो, कारण गार इंजिनात त्याचे ज्वलन आधीच डळमळीत असते. काही रचनांत झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या खनिजाचा थर न जळलेली वाफ धरून ठेवतो आणि परिवर्तक तापल्यावर सोडतो. अमेरिका आणि स्वीडनमध्ये हिवाळ्यात 'ई८५' (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले इंधन) मधले पेट्रोल वाढवतात.

भारतातल्या 'ई२०' मध्ये ८० टक्के पेट्रोल असल्याने ही अडचण फारशी जाणवत नाही. जवळजवळ शुद्ध इथेनॉलवर धावणाऱ्या फ्लेक्स गाड्यांना मात्र निफाडसारख्या, पारा १०° से.च्या खाली उतरणाऱ्या गावातल्या हिवाळी पहाटेसाठी इंधन तापवण्याची सोय लागेल.