जनरेटर दुसऱ्यांदा रिकामा का निघतो?

पायथनमध्ये सरासरी काढायची आहे. आकडे एका जनरेटरमधून, म्हणजे मागितल्यावर एकेक किंमत देणाऱ्या ऑब्जेक्टमधून येतात. आधी त्याची 'सम'ने बेरीज केली, मग घटक मोजायला त्याचीच यादी करून लांबी घेतली आणि भागाकार केला. प्रोग्रॅम शून्याने भागल्याची तक्रार करून बंद पडतो. बेरीज तर बरोबर आली होती, मग घटक शून्य कसे?

याचं उत्तर फॉर लूपच्या पोटात आहे. लूप यादीवर थेट चालत नाही. तो आधी 'इटर' फंक्शनकडून यादीचा इटरेटर मागून घेतो आणि त्यावर पुन्हा पुन्हा 'नेक्स्ट' लावतो. दर वेळी एक घटक हाती येतो. घटक संपले की इटरेटर 'स्टॉपइटरेशन' हे एक्सेप्शन फेकतो, लूप ते स्वतःच झेलतो आणि मुकाट्याने थांबतो. यादी हे पुस्तक धरलं, तर इटरेटर ही त्यात घातलेली खूण. एका पुस्तकात हव्या तितक्या खुणा घालता येतात, म्हणूनच एकाच यादीवर लूपमध्ये लूप चालतो. पण खूण पुढेच सरकते, मागे येत नाही.

जनरेटरकडे ही खूणच असते, पुस्तक नसतं. फंक्शनमध्ये कुठेही 'यील्ड' आलं की ते जनरेटर फंक्शन होतं. त्याला बोलावल्यावर आतली एकही ओळ चालत नाही, फक्त जनरेटर ऑब्जेक्ट मिळतो. पहिल्या 'नेक्स्ट'ला काम यील्डपर्यंत जातं, किंमत बाहेर येते आणि फंक्शन आपल्या सगळ्या व्हेरिएबल्ससकट तिथेच गोठतं. पुढचा 'नेक्स्ट' त्याला तिथूनच उठवतो. ही कल्पना १९७० च्या दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या क्लू भाषेतही होती. पायथनमध्ये ती २००१ साली २.२ आवृत्तीत आली.

फायदा मेमरीचा. ६४-बिट पायथनमध्ये १० लाख वेगवेगळ्या पूर्णांकांच्या यादीत प्रत्येकामागे ८ बाइटांचा पत्ता आणि पूर्णांकाचे स्वतःचे साधारण २८ बाइट लागतात, म्हणजे सुमारे ३६ एमबी. तेच आकडे एकेक करून देणारा जनरेटर काहीशे बाइटांत भागवतो. १० जीबीची लॉग फाइल ८ जीबी रॅमच्या मशीनवर वाचायची तर 'रीडलाइन्स' वापरू नये, ते सगळ्या ओळी एकदम मेमरीत आणतं. फाइल ऑब्जेक्ट स्वतःच इटरेटर आहे, त्यावर सरळ फॉर चालवावा.

आता अडचणी. संपलेला जनरेटर चूक दाखवत नाही. त्यावर लूप शून्य वेळा फिरतो, 'सम' ० देतं, आणि अहवालात चुकीचा आकडा बिनबोभाट छापला जातो. त्या मानाने वरचा भागाकार बरा, निदान ओरडला तरी. 'इन'ने एखादा घटक आहे का पाहिलं, तर तो सापडेपर्यंतचे सगळे घटक खर्च होतात, सापडलेलासुद्धा.

'विथ'मध्ये, म्हणजे काम संपताच फाइल आपोआप बंद करणाऱ्या ब्लॉकमध्ये, फाइल उघडून आतून जनरेटर एक्सप्रेशन (कंसात एका ओळीत लिहिलेला जनरेटर) रिटर्न करणं ही तर नेहमीची चूक. रिटर्न होताच फाइल बंद होते आणि एरर येते ती दूर कुठेतरी, पहिली ओळ मागितल्यावर. यावर उपाय म्हणजे फंक्शनलाच जनरेटर करून यील्ड 'विथ'च्या आत लिहायचा. जनरेटर फंक्शनमधला आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेल्या किमती) तपासणारा कोडही असाच उशिरा जागा होतो. तपासणी लगेच हवी असेल तर ती बाहेरच्या साध्या फंक्शनमध्ये करून आतला जनरेटर परत द्यावा.

ओळीने आकडे देणाऱ्या 'रेंज'ला बरेच जण जनरेटर समजतात. तो नाही. त्याला लांबी आहे आणि तो कितीदाही फिरवता येतो.

डेटा दोनदा लागणार असेल आणि थोडाच असेल, तर सरळ यादी करावी. मोठा असेल तर क्लास लिहून त्याची 'इटर' मेथड जनरेटर ठेवावी, म्हणजे प्रत्येक लूपला नवा इटरेटर मिळतो. इटरटूल्स मोड्यूलमधला, एका इटरेटरच्या अनेक प्रती करून देणारा 'टी' सोयीचा वाटतो खरा, पण एक प्रत शेवटपर्यंत वापरून मग दुसरी सुरू केली, तर मधले सगळे घटक तो मेमरीतच साठवून ठेवतो.