वडगावचा तह आणि सालबाईचा तह: ठाणे नेमके कोणत्या तहाने गेले?

ठाण्याच्या इतिहासावर बोलणे निघाले की वडगावचा तह आणि सालबाईचा तह यांची हमखास गल्लत होते. दोन्ही तह पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातले आहेत, दोन्हींमध्ये मराठ्यांच्या बाजूने महादजी शिंदे यांचा शब्द निर्णायक होता आणि दोन्हींमध्ये जिंकलेला मुलूख परत करण्याचे कलम आहे. मात्र कोणत्या वर्षापासूनचा मुलूख परत करायचा, हे दोन्ही कलमांत वेगवेगळे ठरले होते आणि ठाण्याचे भवितव्य त्या वर्षावरच अवलंबून होते.

आज जेथे मध्यवर्ती कारागृह आहे, तो ठाण्याचा किल्ला मुंबईकर इंग्रजांनी २८ डिसेंबर १७७४ रोजी हल्ला करून घेतला आणि त्यापाठोपाठ साष्टी, म्हणजे ज्या बेटावर ठाणे आहे ते बेट, त्यांच्या ताब्यात गेली.

पुढे राघोबादादांना पुण्यात सत्तेवर बसवण्यासाठी निघालेली इंग्रज फौज पनवेलमार्गे बोरघाट चढून मावळात शिरली. मराठ्यांनी तिला पुढे येऊ दिले, रसद तोडली आणि वाटेवरची गावे ओस पाडली. ती ९ जानेवारी १७७९ रोजी तळेगावला पोहोचली तेव्हा गाव जाळलेले होते आणि दाणावैरण कोठेच नव्हती. जड तोफा तळ्यात ढकलून रात्रीच्या अंधारात माघारी निघालेल्या या फौजेला वडगावात कोंडण्यात आले. तेथे इंग्रजांनी १७७३ पासून घेतलेला सारा मुलूख परत करण्याचे कबूल केले. म्हणजे वडगावच्या कागदानुसार ठाणे मराठ्यांना परत मिळाले होते. परंतु फौज सुखरूप मुंबईला परतल्यावर तेथील सरकारने हा तह झुगारून दिला आणि कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जनेही तो मानला नाही. मावळातली ती मोहीम मराठी युद्धनीतीचा उत्तम नमुना आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ठाणे प्रत्यक्ष ताब्यात येण्याआधी, केवळ दोन ओलीस ठेवून घेऊन कोंडलेली फौज सोडणे फार महागात पडले, असेच म्हणावे लागते.

सालबाई हे ग्वाल्हेरजवळचे गाव. तेथे १७ मे १७८२ रोजी तह झाला, तोपर्यंत परिस्थिती पालटली होती. १७८० मध्ये महादजींचा ग्वाल्हेरचा किल्ला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वसई इंग्रजांनी घेतली होती. उलट १७८१ मध्ये जनरल गॉडार्डला बोरघाटातून पनवेलकडे हटताना मराठ्यांनी जबर तडाखा दिला होता. त्यामुळे तडजोड झाली आणि १७७६ च्या पुरंदरच्या तहानंतर घेतलेला मुलूख तेवढा परत करायचा, असे ठरले. वसई त्या वर्षानंतर पडलेली असल्याने परत मिळाली. साष्टी त्याआधीच गेलेली होती आणि ती घारापुरी व उरणजवळच्या करंजासह इंग्रजांकडेच राहील, असे तहात स्पष्ट नमूद झाले. राघोबादादांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली आणि भडोच महादजींना मिळाले.

वडगावचा तह इंग्रजांनी मोडला, सालबाईचा मात्र टिकला. तरीही त्याला मंजुरी देण्यास पुण्यात नाना फडणीसांनी १७८२ च्या डिसेंबरपर्यंत वेळ घेतला, कारण हैदरअलीशी असलेली युती सोडून साष्टीवर पाणी सोडणे त्यांना सहजासहजी मान्य होण्यासारखे नव्हते.