द जंक्शन बॉइज

द जंक्शन बॉइज : अमेरिकन दूरचित्रवाणी चित्रपट (२००२). ईएसपीएन या क्रीडावाहिनीने तो तयार केला, दिग्दर्शन माइक रोब यांनी केले आणि प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांची भूमिका टॉम बेरेंजर यांनी साकारली. जिम डेंट यांच्या १९९९ साली निघालेल्या याच नावाच्या पुस्तकावर तो बेतलेला आहे. १९५४ च्या सप्टेंबरात टेक्सस ए अँड एम महाविद्यालयाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे दहा दिवसांचे सराव शिबिर जंक्शन या आडगावी भरले होते, त्याची ही कथा. शिबिर टेक्ससमधले असले तरी चित्रीकरण ऑस्ट्रेलियात झाले.

पार्श्वभूमी : ब्रायंट यांचा जन्म १९१३ चा, आर्कन्सॉमधल्या गरीब शेतकरी कुटुंबातला. पोरवयात जत्रेतल्या अस्वलाशी कुस्ती खेळल्यामुळे ‘बेअर’ हे नाव त्यांना चिकटले. केंटकी विद्यापीठाच्या संघाला नावारूपाला आणून ते १९५४ मध्ये टेक्सस ए अँड एममध्ये आले. त्या काळी ही संस्था फक्त मुलांसाठी होती आणि तिथे लष्करी शिस्त चाले. आधीच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ ढेपाळला होता. मुले मऊ पडली आहेत, त्यांना माजी विद्यार्थ्यांच्या आणि हितचिंतकांच्या नजरेआड नेऊन तावून सुलाखून घ्यावे, असे ब्रायंट यांनी ठरवले. महाविद्यालयाची एक जागा साडेतीनशे किलोमीटरहून दूर, किंबल काउंटीत जंक्शनजवळ होती. मुलांना फारसा पत्ता लागू न देता बसमध्ये बसवून तिथे नेण्यात आले.

या शिबिरात खेळाडूंची जी निर्दय छाटणी झाली तिच्यामागे त्या वेळच्या नियमांचाही हात होता, आणि कथा सांगताना हे सहसा निसटते. अमेरिकन फुटबॉलमध्ये आज चढाईचे आणि बचावाचे खेळाडू वेगळे असतात. १९५३ मध्ये मात्र महाविद्यालयीन स्पर्धांत खेळाडू बदलण्यावर कडक मर्यादा आल्या होत्या. त्याच अकरा जणांना चढाईही करायची आणि बचावही, तीही अंगावर जड पॅड आणि डोक्यावर हेल्मेट घालून. अशा खेळात मोठ्या संघापेक्षा शेवटच्या मिनिटापर्यंत उभे राहणारे थोडे गडी प्रशिक्षकाला जास्त मोलाचे वाटत.

शिबिर : टेक्ससमध्ये तेव्हा कित्येक वर्षांचा दुष्काळ चालू होता. जंक्शनच्या मैदानावर गवत नव्हते. खडे, काटेरी गोखरू आणि धूळ एवढेच होते. पडणाऱ्याच्या तळहातात काटे घुसायचे. राहायला पत्र्याच्या अर्धगोल छपरांच्या बराकी. पारा ३८ अंश सेल्सियसच्या वर जायचा. पहाटे अंधारात सराव सुरू व्हायचा, दुपारी पुन्हा, आणि सरावात पाणी प्यायला परवानगी नव्हती. पाण्याने खेळाडू सैल पडतो, हा समज त्या पिढीच्या बहुतेक प्रशिक्षकांचा होता. एकटे ब्रायंटच तसे मानत होते असे नव्हे. पण त्या उन्हात त्यांनी तो समज टोकापर्यंत नेला. बिल श्रोडर हा खेळाडू उष्माघाताने कोसळला आणि मरता मरता वाचला. त्यानंतरही सराव थांबला नाही.

मुले जाऊ लागली. काहींनी तोंडावर सांगितले, काही रात्रीच बिछाना गुंडाळून गावातल्या बसथांब्याकडे चालते झाले. संघातला नावाजलेला सेंटर (चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणारा खेळाडू) फ्रेड ब्रूसार्ड सराव अर्ध्यावर टाकून निघून गेला. पुढे त्याला परतायचे होते, पण ब्रायंट यांनी घेतले नाही. शिबिराला सुमारे शंभर मुले आली होती, त्यांतली जेमतेम पस्तीस उरली. संघातले जीन स्टॉलिंग्ज पुढे सांगत, ‘गेलो दोन बसमधून, परतलो एका बसमधून.’ हे वाक्य आज त्या शिबिराची ओळख होऊन बसले आहे.

निकाल : १९५४ च्या हंगामात हा संघ दहापैकी नऊ सामने हरला. पहिल्याच सामन्यात टेक्सस टेकने ४१–९ असे धुतले. एकमेव विजय जॉर्जियाविरुद्ध ६–० असा मिळाला. ब्रायंट यांच्या मुख्य प्रशिक्षक म्हणून कारकिर्दीत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला हाच एक हंगाम. १९५५ मध्ये सात विजय आले आणि १९५६ मध्ये नऊ विजय, एक बरोबरी व साउथवेस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठगटाचे विजेतेपद. खेळाडू मिळवताना केलेल्या नियमभंगाची शिक्षा म्हणून हंगामानंतरच्या बोल सामन्यात मात्र उतरता आले नाही. जंक्शनमुळेच विजेता संघ घडला, हे समीकरण पुस्तकाने आणि चित्रपटाने पक्के केले. ते अर्धेच खरे आहे. १९५६ च्या संघाचा कणा म्हणावा असा जॉन डेव्हिड क्रो, ज्याला १९५७ चा हाइस्मन हा सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार मिळाला, जंक्शनला गेलाच नव्हता. १९५४ मध्ये तो महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात होता.

शिबिरात तग धरलेल्यांपैकी काही मोठे झाले, हेही तितकेच खरे. जॅक पार्डी एनएफएल या व्यावसायिक साखळीत लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू) म्हणून आणि नंतर प्रशिक्षक म्हणून गाजले. स्टॉलिंग्ज यांनी १९६८ च्या कॉटन बोल या हंगामानंतरच्या सामन्यात टेक्सस ए अँड एमचे प्रशिक्षक म्हणून आपल्याच गुरूच्या, म्हणजे तोवर अलाबामा विद्यापीठात गेलेल्या ब्रायंट यांच्या संघाला २०–१६ असे हरवले आणि पुढे अलाबामालाच १९९२ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले.

चित्रपट : चित्रपटातले ब्रायंट खरे असले तरी त्यांच्याभोवतीची बरीच खेळाडूपात्रे कल्पित आहेत. शिबिरातल्या खेळाडूंच्या १९७९ च्या पुनर्भेटीला ब्रायंट खरोखरच जंक्शनला आले होते. वयस्क झालेल्या मुलांनी त्यांना अंगठी दिली आणि ती अखेरपर्यंत त्यांच्या बोटात राहिली. १९८३ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर ३२३ विजय आणि अलाबामाची सहा राष्ट्रीय विजेतेपदे होती. एवढ्या यशाच्या उजेडात जंक्शनकडे पाहिले की सारे सार्थ वाटू लागते. बेरेंजर यांचा घोगरा, कडवा ब्रायंट पाहताना प्रेक्षकही त्या बाजूला ओढला जातो. पण अशी मांडणी राहिलेल्यांची बाजू घेते. निघून गेलेल्या साठ-सत्तर तरुणांना अशा कथांत चेहरा मिळत नाही. त्यांच्या वाट्याला ‘सोडून गेला’ एवढेच येते. उष्माघाताच्या तोंडावर उभे असताना पाय मागे घेणे हा शहाणपणा होता, असे म्हणणारे कोणी तिथे नाही.

चित्रपटाबाहेर मात्र असे म्हणणारे होते, आणि ते खुद्द ब्रायंटच होते. १९७४ च्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिले की जे केले ते चांगले की वाईट हे आपल्याला कधीच कळणार नाही. आता विश्रांतीबद्दल, पाण्याबद्दल, माणसे हाताळण्याच्या इतर रीतींबद्दल जास्त कळते, म्हणून पुन्हा तसे करणार नाही. आणि आपण त्या मुलांत असतो तर आपणही निघून गेलो असतो. चित्रपटापेक्षा ही कबुली मोठी आहे.

नंतरचे नियम : घाम वाहून गेल्यावर शरीर स्वतःला थंड ठेवू शकत नाही, वर पॅड आणि हेल्मेट उष्णता कोंडून धरतात. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होऊ लागतात. कोसळलेल्याला लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. १९६५ मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठात खेळाडूंसाठी क्षारयुक्त पेय तयार झाले, त्यानंतर सरावात पाणी नाकारण्याची रीत हळूहळू मागे पडली. २००३ पासून अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने हंगामपूर्व सरावाचे पहिले पाच दिवस शरीराला उन्हाची सवय करून देण्यासाठी राखून ठेवले; त्या दिवसांत पॅडही टप्प्याटप्प्यानेच चढवायचे. नियम आले तरी धोका गेलेला नाही. २०१८ च्या मे महिन्यात मेरिलंड विद्यापीठाचा १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेर सरावात उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी मरण पावला. त्याला वेळेत बर्फाच्या पाण्यात बुडवले नव्हते.