न फुटलेला घाम

एखादा सराईत गुन्हेगार विसाव्यांदा पकडला गेल्याची बातमी आली की बोलणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, 'रक्तातच असतं हो, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात.' दुसरा म्हणतो, 'परिस्थितीने घडवलं त्याला.' गंमत अशी की एका मुद्द्यावर हे दोघंही मनोमन सहमत असतात. शरीरातलं कारण म्हणजे जन्मतःच चिकटलेलं आणि कधीही न बदलणारं कारण, हे दोघांनीही धरून टाकलेलं असतं. म्हणूनच एकाला जीवशास्त्र हवंहवंसं वाटतं आणि दुसऱ्याला त्याचा संताप येतो. माझं भांडण या समजुतीशी आहे. परिस्थितीला माणसाच्या वागण्यापर्यंत पोचायचं तर मेंदूतूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही.

पाळण्यातल्या पायांची म्हण मात्र मी लगेच मोडीत काढणार नाही.

आधी हे लोक किती, ते पाहू. नियम मोडणारी बहुतेक मुलं किशोरवयात सुरुवात करतात, सतरा-अठराच्या सुमारास कळस गाठतात आणि पंचविशीपर्यंत गपगुमान मार्गाला लागतात. थोडे जण मात्र लहानपणी सुरू होतात आणि थांबतच नाहीत. फिलाडेल्फियात 1945 साली जन्मलेल्या 9,945 मुलांच्या पोलिस नोंदी मार्विन वुल्फगँग आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. त्यातल्या 627 मुलांच्या, म्हणजे जेमतेम 6 टक्के मुलांच्या, नावावर एकूण गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक गुन्हे निघाले. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये या दोन प्रकारांना वेगळी नावं दिली: 'किशोरवयापुरते' आणि 'आयुष्यभराचे'. त्या ज्या अभ्यासात काम करत होत्या, तो न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा. तिथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांचा मागोवा आजही घेतला जातोय. तीच माणसं पंचेचाळीस वर्षांची झाल्यावर त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. 'आयुष्यभराच्या' गटात मेंदूच्या बाह्य थराचं क्षेत्रफळ आणि जाडी सरासरीने कमी भरली. किशोरवयापुरता धुमाकूळ घालून थांबलेल्यांचे मेंदू मात्र इतरांसारखेच होते. अर्थात स्कॅन पंचेचाळिशीतला असल्याने त्यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यावरून कळत नाही. म्हणून लहानपणाकडे जावं लागतं.

आणि लहानपणी पहिलाच धक्का बसतो. माणूस आयुष्यात सर्वांत जास्त मारामारी कधी करतो? सतराव्या वर्षी नाही, दोन ते चार या वयात. चावणं, ढकलणं, खेळणं हिसकावून डोक्यात घालणं, हे सगळं तेव्हा शिखरावर असतं आणि पुढे उतरत जातं. माँट्रियलच्या रिचर्ड ट्रेंबले यांनी मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहून हे दाखवलं. दोन वर्षांच्या मुलाच्या हातात बळ नसतं म्हणून, नाहीतर तुरुंग अपुरे पडले असते. ट्रेंबले यांचं म्हणणं असं, की मूल मारायला शिकत नाही, ते न मारायला शिकतं. मग 'काही जण हिंसक का होतात' हा प्रश्न उलटा मांडायला हवा. बाकीचे सगळे थांबायला शिकतात ते कसं, आणि या थोड्यांचं शिक्षण कुठे अडतं?

उत्तराचे तुकडे अनेक आहेत. भाषा हा एक मोठा तुकडा आहे, कारण 'मला राग आलाय' असं म्हणता येणाऱ्या मुलाला चावायची गरज कमी पडते. कपाळामागचा मेंदू हा दुसरा, आवेग आवरणारा. तो पूर्ण पिकायला विशी उलटते. पण माझा जीव अडकलाय तो तिसऱ्या तुकड्यात. तो म्हणजे भीती.

मॉरिशस बेटावर तीन वर्षांच्या 1,795 मुलांवर एक साधा प्रयोग झाला. बोटांना छोटे इलेक्ट्रोड लावले आणि मुलांना दोन निराळे सूर ऐकवले. एका सुरानंतर लगेच कर्कश, दचकवणारा आवाज यायचा. दुसऱ्यानंतर काहीच नाही. काही फेऱ्यांनंतर पहिला सूर वाजला की, कर्कश आवाज यायच्या आतच, मुलाच्या बोटांना सूक्ष्म घाम सुटायचा. तो डोळ्यांना दिसत नाही. पण घाम खारट असतो, त्यामुळे त्वचेतून वीज थोडी सहज वाहते आणि उपकरणाला ते कळतं. घामाच्या ग्रंथी अनुकंपी चेतासंस्थेच्या हुकमाने चालतात, आपल्या इच्छेने नाही. तीन वर्षांच्या मुलाला इथे खोटं बोलता येत नाही. तसं ते कुणालाच येत नाही.

नोंदी कपाटात गेल्या. मुलं 23 वर्षांची झाल्यावर न्यायालयांची दप्तरं तपासली, तेव्हा 137 जणांवर गुन्हे सिद्ध झालेले निघाले. यू गाओ, एड्रियन रेन आणि सहकाऱ्यांनी या प्रत्येकामागे दोन, अशी 274 स्वच्छ नोंदीची माणसं निवडली. लिंग, वंश आणि घरची ओढगस्त जुळवून. मग तीन वर्षांच्या वयाचे कागद बाहेर काढले. पुढे गुन्हा न केलेल्यांच्या गटात दोन सुरांमधला फरक घामात स्पष्ट उमटला होता. पुढे गुन्हेगार ठरलेल्यांच्या गटात तो फरक नव्हताच. म्हणजे वीस वर्षांपूर्वी, तीन वर्षांच्या बोटांवर, जो घाम फुटायला हवा होता तो फुटला नव्हता.

हे आत कसं घडतं ते सांगतो. रसायनशास्त्राचा कंटाळा असेल तर पुढचा परिच्छेद ओलांडलात तरी चालेल, पण मला विचाराल तर सगळी मजा तिथेच आहे.

कानशिलाच्या आत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डला. त्याच्याच आत कडेला असलेल्या केंद्रकात, म्हणजे पेशींच्या पुंजक्यात, काही चेतापेशी अशा आहेत की त्यांच्यापाशी दोन वाटा येऊन मिळतात: नुसत्या सुराची वाट आणि त्रासदायक धक्क्याची वाट. सुराची वाट जिथे पेशीला मिळते त्या सांध्यावर एनएमडीए नावाचा रिसेप्टर, म्हणजे रसायनाचा निरोप टिपणारा रेणू, बसलेला असतो. हे दोन किल्ल्यांचं कुलूप आहे. पहिली किल्ली म्हणजे ग्लुटामेट हे रसायन, जे सूर वाजला की सुटतं. पण एवढ्याने दार उघडत नाही, कारण रिसेप्टरच्या भोकात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. त्याच क्षणी दुसऱ्या वाटेने धक्का आला आणि पेशी आतून जोरात उत्तेजित झाली, तर तिच्या बदललेल्या विद्युतभारामुळे ते बूच बाहेर फेकलं जातं. हीच दुसरी किल्ली. दार उघडतं, कॅल्शियम आत घुसतं, त्यामुळे पेशीतली एन्झाइमं जागी होतात आणि त्या सांध्यावर एएमपीए नावाचे जादा रिसेप्टर आणून बसवतात. सांधा बळकट झाला. आता नुसता सूरच पेशीला हलवायला पुरतो. तिथून निरोप मध्यवर्ती केंद्रकाकडे, तिथून हायपोथॅलॅमस आणि मेंदूच्या देठाकडे, आणि शेवटी छातीत धडधड, तळव्याला घाम. 'हे आणि ते एकत्र आलं होतं' ही बातमी एका रेणूने नोंदवून ठेवली. दोन घटना एकाच वेळी घडल्या का, हे तपासणारा रेणू! मला तर या रेणूपुढे हात जोडावेसे वाटतात.

आता सुराच्या जागी 'मारायला उगारलेला हात' ठेवा आणि कर्कश आवाजाच्या जागी आईचा चढलेला स्वर. बहुतेक मुलांमध्ये काही फेऱ्यांनंतर हात उगारतानाच आत काहीतरी कुरतडतं. आपण ज्याला मनाची टोचणी म्हणतो तिचा पहिला कच्चा माल बहुधा हाच. ज्या मुलात हा सांधा नीट जुळत नाही, त्याला ओरडा ऐकू येतो, वाईटही वाटतं, पण ते त्या कृतीला चिकटत नाही. घरचे म्हणतात, 'सांगून कळत नाही, मारूनही कळत नाही.' मग शिक्षा वाढते. मूल आणखी जोराने उलटतं, थकलेले पालक एखाद्या दिवशी माघार घेतात आणि मुलाला एवढंच उमगतं की जोर केला की समोरचा नमतो. ऑरेगनमधले जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून हे दुष्टचक्र मोजलं होतं. दमात घेतल्याशिवाय मूल सुधारत नाही असं मानणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा: ज्या मुलाची शिक्षेतून शिकण्याची यंत्रणाच मंद आहे, त्याला आपण शिक्षेचाच डोस वाढवून देतोय.

याच कुळातलं दुसरं मोजमाप म्हणजे विश्रांतीत असताना नाडीचे ठोके. 2015 साली स्वीडनमधल्या 7,10,264 पुरुषांच्या लष्करी तपासणीच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. अठराव्या वर्षाच्या आसपास ज्यांचे ठोके मिनिटाला 60 किंवा त्याहून कमी होते, त्यांना पुढे हिंसक गुन्ह्यात शिक्षा होण्याचा धोका 83 आणि त्याहून जास्त ठोके असलेल्यांपेक्षा 39 टक्क्यांनी अधिक निघाला. स्पष्टीकरणं दोन आहेत. भीती कमी, हे एक. दुसरं असं की शरीराचं इंजिन इतकं संथ चालतं की माणूस कंटाळतो आणि थरार शोधतो. मला दुसरं जास्त पटतं, कारण याच संथ नाडीवाल्यांना अपघातही अधिक झाले होते.

हे वाचून आपली नाडी धरून बसू नका. संथ नाडी तर व्यायाम करणाऱ्यांचीही असते. त्या लाखो पुरुषांपैकी हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेले एकूण 40,093, म्हणजे साधारण 5.6 टक्के. धोका दीडपट धरला तरी ढोबळ हिशेबाने संथ नाडीच्या शंभरातले नव्वदहून अधिक जण आयुष्यात कुणावर हात टाकल्याबद्दल तुरुंगात जात नाहीत. उलट बाँब निकामी करणाऱ्या, शौर्यपदक मिळवलेल्या जवानांची प्रयोगशाळेत चाचणी घेतली तेव्हा ताणाखाली त्यांचे ठोके इतर सहकाऱ्यांपेक्षा कमी राहिले. भीती कमी असण्याचा धागा तोच, फक्त तो विणला गेला निराळ्या कापडात.

सरासरीतला फरक आणि एका माणसाचं भविष्य यांतली ही दरी ज्यांना दिसत नाही, त्यांनी या विषयाची फार माती केली आहे. 1876 मध्ये इटलीचे सेझारे लोंब्रोसो यांनी जबडा, कान आणि कवटी पाहून 'जन्मजात गुन्हेगार' ओळखता येतो असं छातीठोकपणे सांगितलं. 1913 मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स गोरिंग यांनी हजारो कैद्यांची मापं घेऊन तो फुगा फोडला. तरी 2016 मध्ये चीनमधल्या दोन संशोधकांनी संगणकाला ओळखपत्रांवरचे चेहरे दाखवून गुन्हेगार ओळखल्याचा दावा केलाच. टीकाकारांनी फोटो नीट पाहिले, तर संगणकाने बहुधा शर्टाची कॉलर आणि ओठांच्या कडांवरचं हसू ओळखलं होतं. चेहरा पाहून स्वभाव सांगणारा ज्योतिषी काय आणि हा संगणक काय! 'योद्धा जनुका'ची कथाही याच जातीची. एमएओए नावाचं जनुक मेंदूतले सेरोटोनिनसारखे निरोपे मोडीत काढणारं एन्झाइम बनवतं. 1993 मध्ये एका डच कुटुंबात ते पूर्ण बंद पडलेलं आणि त्या घरातले पुरुष आक्रमक असलेले आढळले. पण असा बिघाड अत्यंत दुर्मीळ आहे. ज्याच्या बातम्या होतात ते मंद चालणारं रूप युरोपीय वंशाच्या साधारण एक तृतीयांश पुरुषांत असतं, आणि एक तृतीयांश पुरुष काही दरोडेखोर नसतात. 2002 च्या ड्युनेडिन अभ्यासात त्या रूपाचा संबंध दिसला तो लहानपणी छळ सोसलेल्या मुलांतच. त्यानंतरच्या अभ्यासांचे निकाल काही बाजूने, काही विरुद्ध. शेकडो जनुकांचा चिमूट-चिमूट वाटा असतो हे चित्र आज जास्त टिकाऊ आहे, पण त्याचा मथळा होत नाही.

आता पुन्हा त्या दोन किल्ल्यांच्या कुलपाकडे. त्यात कचरा अडकला तर? शिसे अगदी हेच करतं. ते शरीरात कॅल्शियमची नक्कल करतं आणि एनएमडीए रिसेप्टरचं काम अडवतं, तेही मेंदूची जुळणी चालू असलेल्या वयात. सिनसिनाटी शहरात 1979 ते 1984 या काळात गर्भवतींपासून सुरुवात करून मुलांच्या रक्तातलं शिसे वर्षानुवर्षं मोजलं गेलं. सहाव्या वर्षी डेसिलिटरमागे दर 5 मायक्रोग्रॅम जादा शिशाबरोबर पुढे हिंसक गुन्ह्यांतल्या अटकेचं प्रमाण जवळपास दीडपट होत गेलं. ड्युनेडिनमध्ये मात्र, जिथे शिसे गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या वाट्याला सारखंच आलं होतं, तिथे हा संबंध अगदीच फिका दिसला. तेव्हा शिशाबरोबर गरिबीचा किती हिस्सा मोजला गेला हा वाद चालू आहे. पण शिसे हे 'रक्तातलं' कारण की 'परिस्थितीतलं'? ते अक्षरशः रक्तात सापडतं, आणि ते तिथे आणतात पेट्रोल, रंग आणि जुने नळ. सुरुवातीच्या दोन्ही तटांनी हे ठरवून सांगावं.

आणि मॉरिशसची गोष्ट तिथेच संपली नव्हती. त्या मुलांपैकी 100 जणांना तीन ते पाच या वयात वेगळ्या बालवाडीत घातलं होतं: पोटभर सकस जेवण, रोजचा व्यायाम, बाहेर फिरणं, प्रशिक्षित शिक्षक. अकराव्या वर्षी त्यांच्या बोटांना पुन्हा इलेक्ट्रोड लावले, सूर वाजवले. नेहमीच्या बालवाडीत गेलेल्या मुलांपेक्षा त्यांच्या त्वचेचा प्रतिसाद जास्त भरला, मेंदूचे विद्युतलेखही अधिक जागे होते. तेविसाव्या वर्षी स्वतःहून कबूल केलेले गुन्हे या गटात सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाले. न्यायालयातल्या शिक्षांचं प्रमाण 9.9 टक्क्यांच्या जागी 3.6 टक्के होतं, पण मुलं इतकी थोडी की संख्याशास्त्राच्या कडक कसोटीला हा शेवटचा फरक काठावरच राहतो. सर्वांत मोठा फायदा कुणाला झाला असेल, तर तिसऱ्या वर्षी जी मुलं कुपोषित होती त्यांना.